उंदराचा डोळा, आजीची नजर

कुंभवलीकरांना औषधाच्या कारखान्यांची ओळख करून द्यायला नको. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारे आपल्यातलेच आहेत. पण गोळी कारखान्यात यायच्या आधी काय काय पाहून येते, ते आज एका आजाराच्या निमित्तानं बघू.

आजीला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागतात. पेपरातलं नेमकं मधलं अक्षर पुसलं जातं, कडेचं दिसतं. घरचे म्हणतात, मोतीबिंदू असेल. मोतीबिंदू भिंगाचा, हा आजार पडद्याचा. पडद्याच्या मध्यावर जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पीतबिंदू असतो, वयानं तो झिजतो; हा कोरडा प्रकार. नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्या, की डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं, तेही पुन्हापुन्हा. म्हणून सगळ्यांना गोळी हवी आहे.

ती आधी उंदराला. २० ग्रॅमचा उंदीर गोळी गिळत नाही. टोकाला मणी असलेल्या बोथट सुईनं ०.२ मिलिलिटर, म्हणजे चारेक थेंब औषध थेट पोटात सोडतात. त्याच्या पडद्यामागच्या पापुद्र्याला लेझरनं भोक पाडलेलं असतं. आठवड्या-दोन आठवड्यांत तिथे नव्या रक्तवाहिन्या वाढतात. औषधानं त्या कमी वाढल्या, तर ते पोटातून रक्तात आणि रक्तातून पडद्यापर्यंत पोचलं असावं, असा अंदाज बांधता येतो.

मेख पुढेच आहे. उंदराला पीतबिंदू नसतोच! शिवाय ती जखम तरण्या उंदराची, क्षणात केलेली. आजीचा पडदा सत्तर वर्षं झिजलेला. मात्राही नुसत्या वजनाच्या हिशेबानं चालत नाही: उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम असेल, तर माणसासाठी हिशेब १२ नं भागून सुरू होतो.

एमिक्सुस्टॅट नावाच्या गोळीनं उंदरांच्या डोळ्यातला विषारी गाळ कमी केला होता. मग कोरड्या प्रकाराच्या ५०८ रुग्णांवर तिची दोन वर्षं चाचणी झाली. २०१८ साली निकाल छापून आला: झीज थांबली नाही, उलट काहींची नजर अंधाराला सरावायला वेळ लावू लागली. याउलट २००१ साली जस्त आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मध्यम टप्प्यातल्या रुग्णांचा आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तो निष्कर्ष माणसांवरच्या चाचणीतून आला, आणि गेलेली नजर त्यानंही परत येत नाही.

मग उंदीर वाया गेला का? नाही. विषारी औषध माणसापर्यंत येण्याआधी बरेचदा तिथेच अडतं. पण त्याची किंमत उंदीर मोजतो, म्हणून आपल्याकडे १९९८ च्या नियमांनुसार अशा प्रयोगाला समितीची परवानगी लागते. मुका जीव उगाच खर्ची पडता कामा नये. उंदीर एवढंच सांगतो, ‘पुढे जाऊन बघा.’ ‘बरे व्हाल’ हे तो सांगत नाही. जाहिरात सांगते.

तेव्हा आज घरी गेल्यावर आजीला एक डोळा झाकून खिडकीच्या गजाकडे बघायला सांगा, मग दुसरा. गज वाकला, तर गोळीची वाट बघू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.