तिसरी घंटा आणि शेवटची बस



मराठी रंगभूमीवर तिसरी घंटा झाल्यावाचून पडदा उघडत नाही. पुण्याच्या प्रेक्षकाला मात्र आणखी एक घंटा मनातल्या मनात ऐकू येत असते. ती असते बसच्या वाहकाची. साडेनऊचा प्रयोग, दुसरा अंक रंगात आलेला, आणि प्रेक्षागृहातील चार-दोन माणसे दबक्या पावलांनी उठून दाराकडे निघतात. शेजारचा नाक मुरडतो, रंगमंचावरील नटाचा क्षणभर रसभंग होतो. उठलेल्या माणसांना अरसिक ठरवणे सोपे आहे. त्यांना धायरीला जायचे असते, वारज्याला जायचे असते. प्रयोग सुटण्यापूर्वीच बहुतेक उपनगरांच्या शेवटच्या बस सुटलेल्या असतात आणि मध्यरात्री रिक्षावाला सांगेल तो आकडा निवृत्तिवेतनात बसत नाही.

नव्या नाट्यगृहाची, क्रीडांगणाची वा कलामंदिराची जागा कोणत्या निकषावर ठरवावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव २०१८ साली पुढे आला, तेव्हापासून या वास्तूवर पुष्कळ शाई आणि पुष्कळ घसा खर्च झाला. जुनी वास्तू पाडावी की राखावी, आसने किती असावीत, वाहनतळ किती मजली असावा, या सर्वांवर मते मांडली गेली. प्रयोग सुटल्यावर प्रेक्षक घरी कसा जाणार, हा प्रश्न त्या मानाने फारच थोड्यांनी विचारला. ज्या समाजाने रंगमंदिर हा शब्द घडवला, त्याने तरी तो विचारायला हवा होता. मंदिर म्हटले की तेथे जाणारी वाट आलीच, आणि ती सर्वांसाठी असते.

या रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या हस्ते बसली. उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले. मधल्या काळात, १५ जुलै १९६७ रोजी, नारायणराव निवर्तले. आपल्या नावाचे पूर्ण झालेले मंदिर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पु. ल. देशपांडे यांनी या वास्तूत जातीने लक्ष घातले होते आणि तिच्या सोयींचे कौतुक पुढे कित्येक वर्षे झाले. तिच्या जागेचे कौतुक मात्र फारसे कोणी केले नाही. पेठांतील माणूस नदी ओलांडून पायी येई. सायकलवाल्यांना तर हे अंतर म्हणजे काहीच नव्हे. शिवाय एका अंगाला डेक्कनचे बसस्थानक आणि दुसऱ्या अंगाला मनपाचे. दोन्हींकडे दहा-पंधरा मिनिटांची चाल. म्हणजे शहराच्या निम्म्या भागातून येणारी बस प्रेक्षकाला रंगमंदिराच्या आसपास आणून सोडत होती. मोटार ही तेव्हा मोजक्यांची चैन होती, त्यामुळे वाहनतळ हा विषय अग्रक्रमाने कोणाला सुचलाही नसेल. त्या काळाच्या साधेपणात एक शहाणपण आपोआप साधले गेले, असे म्हणावे लागते.

याउलट उदाहरण क्रिकेटचे आहे. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर १९८४ पासून आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियासारख्या नवख्या संघाने विश्वचषकात वेस्ट इंडिजला धूळ चारली, ती याच मैदानावर. २००५ च्या नोव्हेंबरात भारत आणि श्रीलंका तेथे खेळले. मैदानाशेजारी एसटीचे स्थानक, समोर शहर बसचे आगार. सातारा-सांगलीकडून आलेला शेतकरी एसटीतून उतरून चालत मैदानात जाऊ शकत होता आणि पेठांतील मुले सामना संपताच टिळक रस्त्याने घर गाठत होती. पुढे क्रिकेट संघटनेचे आणि महापालिकेचे बिनसले. संघटनेने गहुंजे येथे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, स्वतःचे मैदान बांधले. ते २०१२ साली सुरू झाले.

मैदान देखणे आहे, यात वाद नाही. डोंगरांची पार्श्वभूमी, मोकळी हवा, उत्तम खेळपट्टी, सारे काही आहे. परंतु पुण्याच्या मध्यवस्तीपासून ते सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. लोकलचे जवळचे बेगडेवाडी स्थानकही काही किलोमीटर दूर, आणि तेथून मैदानापर्यंतची वाट रात्रीच्या अंधारात वृद्धांनी वा मुलींनी चालावी अशी नाही. २०२३ च्या विश्वचषकातील पाच सामने येथे झाले. तेव्हा पीएमपीने खास बस सोडल्या, ही गोष्ट नमूद केलीच पाहिजे. पण खास बस सोडाव्या लागणे, हाच जागेच्या निवडीवरचा शेरा आहे. ज्याच्याकडे मोटार आहे तो जातो, तरुण दुचाकी काढतो आणि रांगेत अडकूनही हसतखेळत परततो. आजोबा आणि नातू मात्र घरी दूरचित्रवाणीसमोर बसतात. स्वारगेटच्या मैदानावर एका बाकावर शेतकरी, कारकून, विद्यार्थी आणि हमाल बसत. जागा बदलली आणि प्रेक्षागारातील समाजच बदलला. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. ती अशा एखाद्या बाकावर सहज घडत असते आणि बसमार्ग तुटला की सहज मोडत असते.

येथे एक आक्षेप येईल. गावात जागा उरली आहे कुठे? वस्तीत मोठे नाट्यगृह वा मैदान बांधले तर कोंडी होणार, रहिवाशांना त्रास होणार. हा आक्षेप खोटा नाही. शनिवार पेठेतील गल्ल्यांतून सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत ज्यांनी वाट काढली आहे, त्यांना तो पटेल. म्हणूनच सवाईचे उदाहरण नीट समजून घेतले पाहिजे.

पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव १९५३ साली सुरू केला. पुढे अनेक वर्षे तो रमणबागेच्या पटांगणात भरला. तेव्हा मैफली रात्रभर चालत. भैरवी संपेपर्यंत पूर्वेला तांबडे फुटलेले असे, आणि बाहेर पडणाऱ्या रसिकाला पहिली बस तयार मिळे. शाल गुंडाळून, टपरीवर चहा घेऊन तो सकाळी घरी पोहोचे. रात्रभराच्या मैफलीने वाहतुकीचा प्रश्न परस्पर सोडवून टाकला होता, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गावोगावच्या जत्रा, कीर्तने, भजने, जुनी संगीत नाटके यांचीही हीच रीत होती. अंधारात माणसाला वाटेवर न सोडता उजेड होईपर्यंत रंगवून ठेवायचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा पडली. आजारी माणसाच्या झोपेचा विचार केला तर नियमांचा हेतू योग्यच आहे. पण कार्यक्रम मध्यरात्रीच्या अलीकडे आणताना त्याला जोडून बसचे वेळापत्रक कोणी बदलले नाही. नियम एका खात्याने केला, बस दुसऱ्या खात्याकडे राहिली, आणि मधल्या फटीत रसिक उभा राहिला.

२०१८ साली महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. पेठांतून हळहळ व्यक्त झाली. रमणबाग सुटली म्हणजे पुणेरी सवाई संपली, असे सूर निघाले. भावना समजण्यासारखी आहे, पण निवाडा करताना नकाशा पाहावा लागतो. ज्या कुटुंबांनी सवाई मोठी केली, त्यांच्यापैकी किती आज पेठांत राहतात? वाड्यांच्या इमारती झाल्या, पुढची पिढी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, बिबवेवाडीला, कात्रजला गेली. त्यांच्यासाठी स्वारगेटपासून चालण्याच्या अंतरावरील मैदान रमणबागेहून सोयीचे आहे. शहरातील कितीतरी बसमार्ग स्वारगेटला येऊन मिळतात. त्यात २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. तेव्हा प्रश्न जागा जुन्या गावात आहे की नाही, हा नव्हेच. जागा बसच्या आणि मेट्रोच्या वाटेवर आहे की नाही, हा प्रश्न आहे. मुकुंदनगर त्या कसोटीला उतरते आणि गहुंजे उतरत नाही. दोन्ही जागा जुन्या वेशीबाहेरच्याच.

मुंबईकरांना हे शहाणपण लोकलने शिकवले. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी रंगायतन, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर. यांची नावे घेताना मुंबईकराच्या मनात आधी रेल्वेस्थानक येते आणि मग नाट्यगृह. रात्रीचा प्रयोग संपल्यावर शेवटची कर्जत किंवा कसारा गाठता येते, या भरवशावर तेथे मराठी नाटकाचा मध्यमवर्गीय प्रेक्षक टिकला. निर्मात्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा न आणता असे म्हणता येईल की मराठी नाटकाच्या आश्रयदात्यांत मध्य रेल्वेचेही नाव घ्यायला हरकत नाही.

पुण्याला आता मेट्रो मिळाली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती नदीकाठाने, बालगंधर्वच्या अगदी मागून धावू लागली. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाचे छत मावळ्याच्या पगडीच्या आकाराचे आहे आणि पेठांकडे नेणारे पादचारी पूलही मेट्रोने हाती घेतले. म्हणजे १९६८ साली जे डेक्कन आणि मनपाच्या बसने साधले होते, ते नव्या रूपात पुन्हा साधण्याची वेळ आली आहे. पण रंगमंदिराचे तोंड जंगली महाराज रस्त्याकडे आणि स्थानक पाठीमागे नदीकडे. पुनर्विकास होवो अथवा डागडुजी होवो, स्थानकाकडून येणाऱ्या प्रेक्षकासाठी उजेडाची, फरसबंद, चढउतार नसलेली वाट आराखड्यात आहे का, हे पाहणे वाहनतळाच्या मजल्यांहून अधिक महत्त्वाचे आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला भपकेबाज दर्शनी भिंतीचे काय कौतुक?

दुसरी अडचण वेळेची. मेट्रो आधी रात्री दहापर्यंत धावे. २०२५ च्या जानेवारीत ती वेळ अकरापर्यंत वाढवण्यात आली. साडेनऊचे तीन अंकी नाटक तेव्हा ऐन रंगात असते. मेट्रो त्याहून उशिरा धावूच शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला गणेशोत्सवाची आठवण द्यावी. २०२५ च्या उत्सवात मेट्रो पहाटे दोनपर्यंत धावली आणि अनंत चतुर्दशीला तर रात्रभर. आषाढीला पंढरपूरसाठी एसटी जादा गाड्या सोडते, त्यालाही किती दशके झाली. लोकमान्यांनी ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्याच्यासाठी समाजाने आग्रह धरला आणि यंत्रणा हलली. नाटकासाठी, गाण्यासाठी असा आग्रह कोणी धरलेला नाही; नाट्यरसिक बहुधा तिकिटाच्या दरावर बोलतो आणि बसच्या बाबतीत नशिबाला दोष देऊन गप्प बसतो. दररोज रात्रभर मेट्रो चालवा, अशी मागणी कोणी करणार नाही. शनिवारी आणि रविवारी शेवटची गाडी साडेबाराला सोडावी, पीएमपीच्या रातराणीचा एक थांबा नाट्यगृहाच्या दारात असावा, एवढे मागणे अवाजवी ठरत नाही. निर्मात्यांनीही साडेनऊचा हट्ट सोडून साडेसातला पडदा उघडून पाहावा. नोकरदाराला कामाच्या दिवशी ती वेळ गैरसोयीची आहे हे खरे, पण सुट्टीच्या दिवशी काय अडचण आहे?

उपनगरांतील नाट्यगृहांची कथा वेगळी नाही. कोथरूडचे यशवंतराव चव्हाण, बिबवेवाडीचे अण्णा भाऊ साठे, हडपसरचे विठ्ठल तुपे, चिंचवडचे रामकृष्ण मोरे. या वास्तू झाल्या, हे चांगलेच झाले. कोथरूडला मेट्रो पौड रस्त्याने जाते आणि नाट्यगृह आतल्या बाजूला आहे. मधले अंतर जेमतेम एक किलोमीटरचे. पण पदपथ धड नसेल तर साठीच्या बाईंना तो किलोमीटर म्हणजे डोंगर. तेथे प्रयोगाच्या वेळी एक लहान बस फिरवायला फार मोठे अर्थसंकल्प लागत नाहीत.

कार्यकर्त्यांना यात काम आहे, आणि ते घोषणांचे नव्हे. आपल्या भागातील नाट्यगृहाजवळून कोणत्या मार्गाची शेवटची बस किती वाजता सुटते, याचा कागद एका संध्याकाळी तयार होतो. तो नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला, पीएमपीच्या आगाराला आणि स्थानिक नगरसेवकाला द्यावा. नव्या वास्तूचा आराखडा हरकती-सूचनांसाठी निघेल तेव्हा प्रत्येक कुटुंबाने एकच ओळ लिहून द्यावी: शेवटचा प्रयोग सुटल्यावर मोटार नसलेला माणूस कोणत्या वाहनाने आणि किती वाजता घरी जाईल? याचे उत्तर लेखी मागावे आणि ते मिळेपर्यंत पोच जपून ठेवावी.