बल्ब लावून बघा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू अमेरिकेत काय करतेस ते दहा मिनिटांत सांग." मी सॉफ्टवेअर लिहिते, हे दहा सेकंदांत सांगून होतं. म्हणून आज नोकरीबद्दल बोलत नाही. आमच्या गॅरेजमध्ये एका गाडीचा इंधन पंप बदलताना मी जी चूक केली, तिच्याबद्दल बोलते. ती चूक कशी टाळायची हे मला याच शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवलं होतं. शिकवणारे सर समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून जरा भीतही बोलते आहे.

आम्ही आयोवा राज्यात राहतो. आपल्याकडे गळीत हंगामात मळीचा वास येतो, तसा तिकडे मक्याच्या डिस्टिलरीचा. अमेरिकेत सगळ्यांत जास्त इथेनॉल याच राज्यात तयार होतं. तिथल्या बऱ्याच पेट्रोल पंपांवर ई८५ नावाचं इंधन मिळतं. नावात ८५ असलं तरी ऋतूप्रमाणे त्यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असतं.

माझ्या मुलाने सुट्टीत काम करून एक जुनी टर्बो गाडी घेतली. रस्त्यावर नाही, फक्त शर्यतीच्या पट्टीवर पळवायची. त्याला ती ५०० अश्वशक्तीपर्यंत न्यायची होती. त्यासाठी ई८५ सोयीचं. त्याचा ऑक्टेन शंभराच्या आसपास किंवा वर असतो, आणि वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं. त्यामुळे टर्बोचा दाब वाढवला तरी इंजिन ठोके देत नाही.

पण फुकट काही मिळत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ई८५ ला १० किलोच्या आतच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन बरंच जास्त द्यावं लागतं. ५०० अश्वशक्तीला पेट्रोल ताशी १८५ लिटरच्या आसपास लागत असेल, तर ई८५ ताशी २४५ लिटरच्या आसपास. पंप तेवढं देऊ शकला नाही की मिश्रण पातळ होतं, सिलिंडरमधली उष्णता वाढते आणि पिस्टन वितळतो. याला काही सेकंद पुरतात.

हा हिशोब मी स्वतः केला होता. ताशी ४५० लिटरचा, इथेनॉलला चालणारा पंप आणला. इंजेक्टर मोठे बसवले. टाकीतली नळी बदलली, कारण साधी रबरी नळी इथेनॉलमध्ये फुगते आणि मऊ पडते. मुलगा पंप बसवत होता. त्याने विचारलं, "आई, वायर जुनीच ठेवायची का?" मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "कनेक्टर बसतोय ना? मग चालेल."

पट्टीवर तिसऱ्या फेरीत इंजिन गेलं. आधी धूर, मग आवाज. तो गाडीतून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. आणि मी, त्याची आई, पहिलं वाक्य काय बोलले? "गिअर उशिरा टाकलास का?"

त्याने ते खरं मानलं. इंजिन उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळलेला. पुढे सहा आठवडे तो गॅरेजमध्ये फिरकला नाही. दोन उन्हाळ्यांची कमाई त्या गाडीत गेली होती. ती आपल्याच हाताने गेली असं समजून तो गप्प राहिला.

एका रविवारी तो घरी नसताना मी इंधनाची बाजू तपासायला घेतली. शटर उघडं, आग विझवण्याचं नळकांडं शेजारी. परतीची नळी खुणा केलेल्या डब्यात सोडली. पंप चालू न करता टाकीवरच्या कनेक्टरला मीटर लावला, तर बॅटरीइतकंच व्होल्टेज, काही दोष नाही. मीटर काढणारच होते, इतक्यात सर, तुम्ही आठवलात.

तुमच्यापैकी किती जणांना आठवतं माहीत नाही. सरांनी टॉर्चचा एक जुना सेल माझ्या हातात दिला होता. मी मीटर लावला आणि ऐटीत सांगितलं, "सर, दीड व्होल्ट. सेल चांगला आहे." सर म्हणाले, "बल्ब लावून बघ." बल्ब जोडला तर काटा एक व्होल्टच्या खाली आला आणि बल्ब नुसता लाल झाला. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "रिकाम्या हाताने सगळेच पैलवान."

तर मी बल्ब लावला. म्हणजे चार्जर जोडून बॅटरी १३.८ व्होल्टवर ठेवली, पंप चालू केला आणि रेग्युलेटर घट्ट करत दाब वाढवत नेला. आमचा मूळ दाब ४३ पीएसआय. टर्बो २१ पीएसआय हवा ढकलतो, तेव्हा इंजेक्टरमधून इंधन नीट पडायला पंपाला तेवढंच जास्त, म्हणजे ६४ पीएसआय ढकलावं लागतं. दाब वाढला की पंप जास्त करंट ओढतो. ६४ ला पोचले तेव्हा बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि पंपाच्या कनेक्टरवर १०.४. मधले ३.४ व्होल्ट त्या जुन्या, बारीक वायरने आणि गंजलेल्या अर्थिंगने खाल्ले होते. डब्यात मिनिटाला चार लिटरही पडले नाहीत. म्हणजे ताशी २४० च्या खाली. खोक्यावरचे ४५० लिटर हे साडेतेरा व्होल्ट आणि ४० पीएसआयचे होते.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांना हे माझ्याआधी कळलं असेल. डीपीपासून शेवटच्या शेतात मोटार का उचलत नाही, हे उसाच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांनी नवी मोटार आणली तेव्हा आधी केबल बदलली होती. मी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि कनेक्टर बसतोय ना, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला मीटर दाखवला आणि सांगितलं, "इंजिन तुझ्यामुळे गेलं नाही. वायरचं तू विचारलं होतंस, मी ऐकलं नाही. वर तुझ्यावर ढकललं." तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "किती जाड वायर लागेल?" एवढंच.

मग आम्ही नीट काम केलं. बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्फत थेट जाड वायर आणली, अर्थिंगही तेवढीच जाड. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवून आणतं, म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर पुन्हा बदलला. इथेनॉलचं प्रमाण सांगणारा सेन्सर बसवला. शुद्ध पेट्रोलला तो ५० हर्ट्झ देतो आणि शुद्ध इथेनॉलला १५०. इंधनाच्या दाबाचाही सेन्सर लावला आणि त्यावर माझ्या धंद्यातली एक अट घातली: दाब ठरल्याखाली गेला की टर्बोचा दाब आपोआप कमी. आता पंपावर १३.३ व्होल्ट मिळतात आणि मिनिटाला साडेसहा लिटर. दुसऱ्या इंजिनाला मात्र आम्हाला वर्षभर पैसे साठवावे लागले.

इथे आल्यापासून चौघांनी ई२० बद्दल विचारलं. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के. त्याला यातलं काही लागत नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडं उतरतं. गाडी जुनी असेल तर रबरी नळ्या मेकॅनिकला बघायला सांगा.

शेवटी एक विनंती. बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर काल चर्चा झाली. माझी सूचना आहे, प्रयोगशाळेला तीस मल्टिमीटर देऊ या. आणि सोबत तीस बल्ब, होल्डरसकट. नुसते मीटर देऊ नका.

सर, उशीर झाला, पण धडा पाठ झाला.