पडवीतली सायकल आणि आपला अर्धा तास



मानव विकास कार्यक्रमातून आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कितीतरी मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. मुलगी बारावी झाली, एसटीने कॉलेजला जायला लागली, की ती सायकल पडवीत भिंतीला टेकून राहते. तिच्यावर गोधड्या वाळत पडतात. आज आपण त्याच सायकलीबद्दल बोलू. ती जागेवर उभी ठेवून घरातल्या घरात व्यायाम करता येतो.

कोणी म्हणेल, "दिवसभर वावरात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा हे बोलणं बरोबरच आहे. पण आपल्या गटांकडे बघा. कित्येकजणी आता शिलाई मशीनवर बसतात, पापड करतात, हिशेबाची रजिस्टरं लिहितात. उन्हाळ्यात वावरातलं कामही कमी होतं. हालचाल कमी झाली, ताट मात्र तेच राहिलं. तिशीपुढच्या सगळ्यांनी शुगर-बीपी तपासून घ्या, असं आशाताई सांगतात ते उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटं अंग चांगलं हलेल असं काहीतरी करावं. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस.

चालायला जाता येत असेल तर जरूर जावं. पण पहाटे अंधार असतो, पावसाळ्यात चिखल, आणि घाटाखाली एप्रिल-मे महिन्यात सकाळीच ऊन तापतं. शिवाय "कुठे निघाली?" हा प्रश्न असतोच. घरातल्या सायकलीला रस्ता लागत नाही.

शर्यतीचे सायकलपटू घरात सराव करतात तो रोलरवर. लाटण्यासारखे तीन मोठे रूळ एका चौकटीत बसवलेले असतात, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या. शिलाई मशीनसारखा पट्टा मागचा रूळ आणि पुढचा रूळ जोडतो, म्हणून दोन्ही चाकं फिरतात आणि सायकल जागेवरच धावते. पण तिला कोणी धरलेलं नसतं, तोल आपणच सांभाळायचा. सुरुवातीला भिंतीला हात लावूनच बसावं लागतं. ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

आपल्याला सोपा मार्ग आहे. मागचं चाक जमिनीपासून उचललेलं राहील असा स्टँड हवा. बाजूला कलणाऱ्या एका पायाच्या स्टँडवर बसून पायडल मारू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून रुंद पायाचा, मजबूत लोखंडी स्टँड करून घ्या. पुढचं चाक भिंतीला टेकवा. चाक अधांतरी असलं की पायडल फार हलकं जातं, म्हणून मागचा ब्रेक किंचित आवळून घ्या. मधूनमधून थांबा. रिम तापली असेल तर ब्रेक सैल करा.

सीटची उंचीही बघा. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असली की गुडघे दुखतात.

आधी पाच मिनिटं सावकाश. मग एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं सहा वेळा. शेवटी पाच मिनिटं पुन्हा सावकाश. झाला जवळजवळ अर्धा तास. हळू चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. नवीन असाल तर पहिल्या आठवड्यात दहाच मिनिटं करा.

काळजी मात्र घ्या. पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून सलवार घाला किंवा लुगडं घट्ट खोचून घ्या. लेकरांना दूर ठेवा, त्यांची बोटं साखळीत जातात. घरात वारा लागत नाही, घाम वाळत नाही, म्हणून दार उघडं ठेवा आणि पाणी जवळ ठेवा. टिनाच्या खोलीत दुपारी करूच नका. शुगरची, बीपीची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, की लगेच थांबा आणि दवाखान्यात जा.

प्रत्येकीने स्टँड करायची गरज नाही. गटाने एक करावा, बैठकीच्या खोलीत ठेवावा आणि पाळ्या लावाव्यात. एकीने चालवायचं, दुसरीने घड्याळ बघायचं.

तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका अक्षरांबरोबर सायकलही शिकल्या. सुरुवातीला त्यांनाही लोक हसले. पण मग त्या सायकलवरून कामाला, बाजाराला जाऊ लागल्या. आपल्यातली जी कधी सायकलवर बसलीच नाही, तिलाही या स्टँडवर पायडल मारायची सवय होईल, पडायची भीती न बाळगता. पुढे रस्त्यावर जायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

आपण बचत पैशांची करतो, तशी अंगातल्या ताकदीचीही करू. येत्या बैठकीत कर्जाचा विषय झाला की हा विषय घ्या. कोणाच्या पडवीत सायकल पडून आहे, एवढं आधी विचारा.