स्वस्त घराचा खरा हिशेब



तारापूरच्या कारखान्यांमुळे बोईसरला वस्ती वाढली. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल विरारपुढे डहाणूरोडपर्यंत धावू लागली आणि २०१४ साली पालघर जिल्हा झाला. विरार-डहाणू मार्गाचे चौपदरीकरण २०१६ साली मंजूर झाले. इमारती मात्र नव्या रुळांसाठी थांबल्या नाहीत.

स्टेशनपर्यंतचे रिक्षाभाडे, टँकरचे पाणी आणि प्रवासामुळे मुलांना न देता आलेला वेळ, हाही घराचा हप्ताच आहे! म्हणून घरे, रेल्वे, रस्ते व पाणी यांचा आराखडा एकत्रच झाला पाहिजे. पालकांनो, सदनिका घेण्यापूर्वी हा हिशेब मांडा. विद्यार्थ्यांनो, नगररचनेचे शिक्षण घ्या. उद्याच्या पालघरचे नकाशे तुमच्या हातून निघोत.