शिकागो: जिन्यावरचं भाषण

मिशिगन सरोवराकाठच्या शिकागोत संग्रहालयांना तोटा नाही. पण आपण सुरुवात करू ती एका जिन्यापासून.

मिशिगन अव्हेन्यूवर, दारात ब्राँझचे दोन सिंह असलेली इमारत म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट. १८९३च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी सर्वधर्मपरिषद भरली ती इथंच. ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद याच वास्तूत बोलले. परिषद आटोपली आणि इमारत चित्रकलेच्या ताब्यात गेली. पुढं २०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी ते भाषण इथल्या मुख्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. रंग घेतले ते अमेरिकी सरकारच्या दहशतवाद-इशाऱ्याचे. धर्मांधतेविरुद्धचे शब्द आणि भीतीचे रंग! आणि अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांची तारीखही तीच, ११ सप्टेंबर. आत जपानी मुद्राचित्रांपासून व्हॅन गॉगपर्यंत बरंच काही आहे.

मुलं सोबत असतील तर फील्ड म्युझियम आधी गाठावं. तिथं ‘सू’ नावाच्या टायरॅनोसॉरसचा सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा आहे. संग्रहालयानं तो १९९७मध्ये लिलावात ८० लाख डॉलरहून जास्त मोजून घेतला.

विज्ञान आणि उद्योग संग्रहालयही १८९३च्या त्याच जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या एका इमारतीत आहे. १९४४मध्ये अमेरिकी नौदलानं पकडलेली जर्मन पाणबुडी तिथं अख्खीच्या अख्खी ठेवली आहे. तिच्या पोटात शिरता येतं, पण त्याचं तिकीट वेगळं. आणि हो, हिवाळ्यात जाणार असाल तर कानटोपी विसरू नका.