रश्श्याला घाबरू नका
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी बजावलंय, "तू जनावरांचा डॉक्टर. कामाचं बोल, पण जेवणाची चव घालवू नकोस." म्हणून आधीच सांगतो, आज ज्या जंताबद्दल बोलणार आहे, तो तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातून होत नाही. दुधातूनही येत नाही.

त्याचं नाव एकायनोकॉकस. लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर, मुक्काम कुत्र्याच्या आतड्यात. विष्ठेतून बाहेर पडलेली त्याची अंडी चाऱ्या-पाण्यातून शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशींच्या पोटात जातात आणि काळजात, फोपशात पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. तो गाठीचा तुकडा कच्चा कुत्र्याला मिळाला, की चक्र पुन्हा सुरू. माणूस यात उगाच सापडतो. न धुतलेल्या हाताने किंवा भाजीवरून अंडी पोटात गेली, तर तशीच गाठ त्याच्या यकृतात वाढते. हे शाकाहारी माणसालाही होऊ शकतं. कित्येक वर्षं पत्ता लागत नाही, आणि गाठ आत फुटली तर जिवावर बेततं.

मेंढपाळांच्या मुलखातला रोग म्हणून याची जगभर ओळख. पण या जंताचेही जनुकांवरून प्रकार पडतात. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांबरोबर इथल्या जनावरांतल्या गाठी तपासल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त सापडला 'जी-३', म्हणजे म्हशीचा प्रकार. मेंढीचा 'जी-१' त्याहून कमी. उत्तर भारतातील रुग्णांच्या गाठींतही 'जी-३' आढळला आहे. म्हणजे फक्त मेंढ्यांवर लक्ष ठेवून भागणार नाही. म्हशींच्या कोल्हापूरला हे कळलंच पाहिजे.

उपाय आपल्या मंगळवार पेठेतच आहेत. आपल्यापैकी कुणाच्या घरी म्हशी आहेत, कुणाचं मटणाचं दुकान. गाठ दिसलेलं काळीज-फोपसा कुत्र्यांपुढे टाकू नका. खोल पुरा किंवा अर्धा तास उकळा. पाळीव कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी प्राझिक्वांटेल द्या. जंताचं प्रत्येक औषध याला चालत नाही. नातवंडं कुत्र्याशी खेळली, की जेवणाआधी साबणाने हात. कोथिंबीर, मेथी नीट धुवा. आणि गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारू नका. तुकडा त्याच्यापुढे आपणच टाकतो.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी जेवणानंतर मला गाठा. वर्गमित्रांना फी माफ.