नाताळ झाल्यावर काय उरतं?

हेडफोन लावा, आजचा विषय जरा घरचा आहे.

मी रोह्याचा, आजोळ पेणचं. मागच्या डिसेंबरात माझी नोकरी गेली. घरी सांगितलंच नाही. आई करंज्या तळतेय, मी गॅलरीत चांदणी लावतोय, आणि पोटात गोळा.

24 च्या रात्री मित्राच्या बाईकवर कोर्लईला मिस्साला गेलो. आपली कुंडलिका रोह्यावरून जाऊन समुद्राला मिळते ना, तिथलंच हे गाव, किल्ल्याच्या पायथ्याशी. पोर्तुगीज 1740 मध्ये इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून झालेली बोली गावातले ख्रिस्ती लोक अजून घरात बोलतात. सत्ता गेली, बोली राहिली. भारी ना?

फादर म्हणाले, येशूच्या जन्माची आनंदाची बातमी आधी मेंढपाळांना कळली. रात्री जागून कळप राखणारे. म्हणजे नाइट शिफ्टवाले! मी हसलो. मग म्हणाले, पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं, त्यात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि तो तेव्हा कैदेत होता. तिथे मात्र माझं हसू गेलं. मी आनंद पगाराच्या तारखेला बांधून ठेवला होता.

सकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कधीच कळलं होतं रे. आधी करंजी खा."

पुढे तीन महिने काम नव्हतं. रोज रात्री आम्ही दोघं प्रार्थनेला बसायचो; कधी रडू यायचं, कधी उगाच हसू. चांदणी आईने मार्चपर्यंत काढू दिली नाही.